आईच्या बोटावरचं अठ्ठ्याण्णव

मी कराडमधल्या एका पतसंस्थेत अंतर्गत लेखापरीक्षक आहे. चाळीस रुपयांच्या चहाचं व्हाउचर सहीशिवाय आलं तरी मी परत पाठवतो. शाखेतली पोरं माझ्यामागे मला ‘लाल पेन’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. अशा माणसानं एप्रिल २०२१ मध्ये ७,८०० रुपये एका अनोळखी माणसाच्या खात्यावर पाठवले, कच्ची पावतीसुद्धा न घेता. पैशाचं राहू द्या. त्या पैशातून जी वस्तू घरात आली, तिच्यापायी आई हातची जायची वेळ आली होती.

आदल्या वर्षी याच गोष्टींची मी चेष्टा करायचो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली आणि पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या मातीमोल भावानं विकल्या, काहींनी तर फुकट वाटल्या. २२ मार्चला थाळ्या वाजल्या आणि त्या नादानं विषाणू मरतो असं सांगणारे मेसेज फिरले. आमच्या भावकीच्या ग्रुपवर मी एकेकाला उत्तरं देत बसायचो. ‘शिकलेली माणसं तुम्ही,’ वगैरे. अशा भूलथापांना दुसरे बळी पडतात, आपण नाही, ही माझी पक्की समजूत होती.

१४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून राज्यात निर्बंध कडक झाले. त्यानंतर चार-पाच दिवसांत आईला ताप आला. वय चौऱ्याहत्तर, शुगर वीस वर्षांची. रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी सकाळपासून नऊ ठिकाणी फोन केले; बेड नाही, किंवा आधी एवढी अनामत भरा. शेजारचा कंपाउंडर दारातूनच ऑक्सिमीटर लावून गेला : ९३. ‘लक्ष ठेवा, घसरलं तर हलवा,’ म्हणाला. लक्ष कशानं ठेवायचं? गावातल्या एकाही मेडिकलमध्ये ऑक्सिमीटर शिल्लक नव्हता.

त्याच संध्याकाळी आतेभावानं ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. पेशंटला पालथं झोपवा. सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघा. ९४ च्या खाली गेला तर हयगय करू नका. पाणी भरपूर द्या. हे सगळं खरं होतं, डॉक्टरही तेच सांगत होते. आणि मग शेवटी : अमुक थेंब दिवसातून चार वेळा, सोबत कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगायची, दोन तासांत ऑक्सिजन वर येतो, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. खाली मोबाईल नंबर.

खोटं व्हाउचर कधी एकटं येत नाही. पन्नास खऱ्या बिलांच्या गठ्ठ्यात ते तिसावं-पस्तिसावं म्हणून घुसवलेलं असतं, कारण तोवर तपासणाऱ्याचा हात सह्या बघून सैल झालेला असतो. माझं आयुष्य हे पकडण्यात गेलं. तरी चार खऱ्या ओळींनंतर पाचवीवर माझा हात तसाच सैल सुटला.

मी फोन लावला. पलीकडचा स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. मराठी गोड, घाई अजिबात नाही. पैशाचा विषय त्यानं काढलाच नाही. आईंचं वय काय, शुगर किती, जेवण जातंय का, झोप लागते का, रात्री कोण जवळ बसतं. सात मिनिटं तो नुसता विचारत होता. त्या आठवड्यात माझ्या आईबद्दल सात मिनिटं विचारणारा दुसरा कुणी मला भेटला नव्हता. मग हळूच म्हणाला, ‘दादा, तिथं नेलंत की काय होतं तुम्ही बघताय. तोंडसुद्धा बघू देत नाहीत.’ ते मी बघत होतोच. आमच्या गल्लीतून त्या महिन्यात दोन माणसं गाडीत बसून गेली आणि परत आली नाहीत.

दवाखान्याच्या या धास्तीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. २९ ऑक्टोबर १८९६ ला, मुंबईत प्लेग पसरला असताना, सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले होते. तिथं माणसं मारायलाच नेतात, त्यांच्या अंगातून तेल काढतात, असल्या वदंता तेव्हा फिरत होत्या. त्या कामगारांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण आत गेलेलं माणूस परत येत नाही, हे ते डोळ्यांनी बघत होते. अफवेनं त्या बघितलेल्याला फक्त चुकीचं कारण जोडून दिलं. माझंही तेच झालं, फक्त माझ्या हातात स्मार्टफोन होता.

किटमध्ये थेंबांची बाटली, पुरचुंडी, काढ्याची पूड आणि, याच कारणानं मी हो म्हणालो, एक ऑक्सिमीटर होता. आधी २,५०० पाठवले, बाकीचे माल निघाल्यावर. खातं कुठल्या फर्मचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावावर होतं आणि ते नावही ‘डॉक्टर’चं नव्हतं. हे मला दिसलं होतं. नवी माहिती म्हणून दिसलं, खटकलं मात्र नाही. पुण्याला भाजी टाकून परतणाऱ्या टेम्पोतून किट आलं, पहाटे पाचला कोल्हापूर नाक्यावर जाऊन घेतलं. बाटलीवर ना कंपनीचा पत्ता, ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक. नुसतं हिरवं पान आणि ‘प्राणशक्ती’.

घरी आल्याबरोबर यंत्र लावलं : ९७. थेंब दिले, पुरचुंडी हुंगवली, तासाभरानं परत लावलं : ९८. आई म्हणाली, ‘बरं वाटतंय रे, नाक मोकळं झालं.’ ती खोटं बोलत नव्हती. कापरानं नाकात गार लागतं आणि हवा जास्त आत येतेय असं वाटतं. हवा मात्र तेवढीच येत असते आणि रक्तातल्या ऑक्सिजनला त्याचा पत्ताही नसतो. हे मला नंतर एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्या दिवशी माझ्यासमोर आईचं ‘बरं वाटतंय’ होतं आणि बोटावरचं ९८ होतं. मला ताळमेळ जमल्यासारखा वाटला.

मग मी जे केलं, त्यासाठी हे सगळं लिहितोय. मी ग्रुपवर टाकलं : ‘स्वतःचा अनुभव. आई ९३ वरून ९८. खात्रीशीर.’ सोबत बोटाचा फोटो. आलेला मेसेज मी पुढे ढकलला नाही, स्वतः टाईप केला. खूप वेळा पुढे गेलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो; असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, ही सोय व्हॉट्सॲपनं एप्रिल २०२० मध्येच केली होती. पण माणूस आपल्या हातानं लिहितो तेव्हा बाण येत नाही. शिवाय लिहिणारा मी होतो, चिकनची अफवा पसरवणाऱ्यांना वर्षभर फटकारणारा. ‘लाल पेन’नं सही केली म्हटल्यावर पुढचं कोण तपासणार? नंतर मोजलं, माझा तो मजकूर मला ठाऊक असलेल्या अकरा ग्रुपांवर गेला होता.

तिसऱ्या दिवशी आई जेवली नाही. बोलत होती, टीव्ही लावा म्हणाली, पण वाक्य तुटत होतं. बायको म्हणाली, ‘आईंचे ओठ बघा कसे काळपट दिसतायत.’ मी यंत्र लावून तिच्यापुढे धरलं. ९८. ती चिडली : ‘आकडा काय बघताय, माणूस बघा की!’ मी तिला म्हणालो, तू घाबरट आहेस. हे वाक्य तिनं अजून मला परत ऐकवलेलं नाही, तेवढं एक आहे.

दुपारी तिनं मला न विचारता आमच्या भागातल्या आशा सेविकेला, आशाताईंना, फोन केला. त्या मास्कवर मास्क लावून, उंबऱ्याबाहेर चप्पल काढून आल्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या घरोघरच्या तपासणी मोहिमेच्या वेळेपासून पिशवीत घेऊन फिरत होत्या ते यंत्र त्यांनी लावलं. ८४. दुसरं बोट, ८३. मी म्हणालो, तुमचं बिघडलंय. त्यांनी तेच माझ्या बोटाला लावलं : ९७. मग किटमधलं यंत्र उचललं, इकडंतिकडं बघून माझ्या खिशातलं पेन काढलं आणि त्यात अडकवलं. ९८. नाडी ७२.

पेनाचीही नाडी चालू होती.

(नुसत्या पेनावर विसंबू नका. चांगलं यंत्रही कधीमधी निर्जीव वस्तूवर काहीबाही आकडा दाखवतं. खात्रीचं यंत्र शेजारी ठेवून त्याच माणसाच्या बोटावर दोन्ही आकडे जुळवा. आणि आकडा चांगला असला, तरी धाप, काळपट ओठ, गुंगी दिसली तर आकडा बाजूला ठेवा. या आजारात ऑक्सिजन बराच खाली गेला तरी माणूस बोलत-चालत राहतो, तिथंच घात होतो.)

१०८ ला वाट बघावी लागली असती, म्हणून चुलतभावाच्या पिकअपमध्ये गादी टाकून आईला नेलं. चौथ्या ठिकाणी ऑक्सिजनचा बेड मिळाला. बारा दिवस ती तिथं होती. वाचली. अजून जिना चढताना मध्ये थांबते.

तक्रार करायला मी गेलो ते आई घरी आल्यावर, म्हणजे पैसे जाऊन अठरा-एकोणीस दिवसांनी. नंबर बंद, खात्यात काही शिल्लक नाही. असल्या व्यवहारात पहिले काही तास महत्त्वाचे. आता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, लाजत बसण्यापेक्षा तो लगेच फिरवावा. मी लाजत बसलो होतो. हवालदार म्हणाले, ‘आवो साहेब, तुम्ही तर ऑडिटवाले.’ त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याच एप्रिलमध्ये बारामतीकडं रेमडेसिविर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून विकणारे पकडले गेले होते. त्या मानानं आमचा माणूस स्वस्तातला.

आणि त्या रेमडेसिविरबद्दलही सांगायला हवं. आम्ही सगळे रात्र-रात्र रांगा लावत होतो, पण जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांना ते देऊ नये असं म्हटलं होतं. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी आवाहनांवर आवाहनं फिरली, आणि मे २०२१ मध्ये तो अधिकृत उपचारांच्या यादीतून निघाला. विज्ञान चाचण्या करतं आणि आधीचं खोडतं. वहीत खाडाखोड दिसते ती त्यामुळे. तो गोड बोलणारा मात्र पहिल्या फोनपासून शेवटच्या फोनपर्यंत एकच गोष्ट बोलला, एक अक्षर बदललं नाही. स्वच्छ, एका हाताची, एकाच शाईतली रोजकीर्द दिसली की एरवी मला पहिला संशय येतो. त्या आठवड्यात मला तिच्यात आधार दिसला.

ग्रुपवर मी खुलासा टाकला. पूर्ण, ८४ च्या आकड्यासकट, माफी मागून. दोघातिघांनी हात जोडले. पुढं कुणी पाठवला असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या शब्दावर ते किट घेणाऱ्यांपैकी दोन घरं मला कळली. एका बाईंना वेळेत फोन गेला, त्यांनी यंत्र वापरलं नाही. दुसरे ओगलेवाडीचे आमचे पाव्हणे. त्यांना सौम्य होता, घरीच बरे झाले. दहातले आठजण तसे बरे व्हायचेच, थेंब घेऊन आणि न घेता. मी तेव्हा त्यांनाही फोनवर सगळं सांगितलं होतं. गेल्या संक्रांतीला त्यांच्याकडे गेलो तर तिळगूळ देता देता चार माणसांत म्हणाले, ‘या साहेबांमुळं मी आज हितं बसलोय.’ आणि शोकेसमधून ते यंत्र काढलं. मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. बोटाला लावलं : ९८.

मी खिशातलं पेन काढून त्यात अडकवलं. ९८.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग यंत्र परत फडक्यात गुंडाळत म्हणाले, ‘आता जुनं झालं की वो ते. तवा बरोबर दाखवायचं.’