जॉब कार्डवर ‘ब्रेक ओके’ आणि चाकात जाम कॅलिपर: ईव्हीच्या डीलर सर्व्हिसचा अनुभव

माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामांच्या यादीवर, ‘ब्रेक क्लीनिंग – ओके’ अशी टिक, बिलात त्याचे पैसे, आणि महिना व्हायच्या आत मागच्या डाव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जाम. एवढ्यासाठी लिहायला बसलोय. गाडीबद्दल तक्रार नाही. रेंज किती मिळते, चार्जर कुठं कुठं आहेत, हे सगळ्यांनी भरपूर लिहून ठेवलंय, त्यात मी भर घालत नाही. डीलरचं नावही घेत नाही. सांगली आणि पुण्यातल्या ओळखीच्या ईव्हीवाल्यांकडून वेगवेगळ्या वर्कशॉपबद्दल हेच ऐकतोय, त्यामुळे एकाला धरून उपयोग नाही.

माझा वापर असा: कोल्हापुरातल्या रुईकर कॉलनीतून रोज गोकुळ शिरगाव एमआयडीसी, अधूनमधून गगनबावड्याच्या बाजूला गावी, वर्षातून काही वेळा पुणे. चार्जिंग जवळपास सगळं घरीच. दुसरा पावसाळा काढून झालाय. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गगनबावड्याकडं जून ते सप्टेंबर गाडी वाळतच नाही. या गोष्टीचा पुढं संबंध येणार आहे.

गाडी घेताना सांगितलं होतं, ‘सर, ईव्हीला मेंटेनन्सच नाही.’ हे अर्धंच खरं आहे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच, सायलेन्सर हे सगळं गेलं. उरलं काय, तर एसीचा केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, बॅटरी-मोटरचं कूलंट, रिडक्शन गिअरबॉक्सचं ऑइल (तेही बऱ्याच उशिरा), टायर, सस्पेन्शन, बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणि लॅपटॉप जोडून करायची तपासणी. यादी एवढीशी, तर बिलही बेतात यायला हवं. पहिल्या पेड सर्व्हिसचं बिल पाच हजारांच्या घरात आलं. काउंटरवर उभं राहून एकेक ओळ वाचली. एसी इव्हॅपोरेटर क्लीनिंग, इंटिरिअर सॅनिटायझेशन, कन्झ्युमेबल्स, अलाइनमेंट-बॅलन्सिंग, उंदरांसाठी स्प्रे, ब्रेक क्लीनिंग, आणि सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. सॅनिटायझेशन मी सांगितलेलंच नव्हतं, ते तिथल्या तिथं काढायला लावलं. कन्झ्युमेबल्स म्हणजे नेमकं काय वापरलं, याचं उत्तर अॅडव्हायझरला देता आलं नाही. तेल ओतायचंच नसलेल्या गाडीत ही ओळ सातशे रुपयांची कशी होते, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

केबिन फिल्टरचं आधी सांगून टाकतो. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो आणि हातानं निघतो. आपल्याकडं गळीत हंगामात कारखान्याच्या पट्ट्यातून रोज जाणं असेल, वर एमआयडीसीत फौंड्रीची धूळ असेल, तर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरपर्यंत तो टिकत नाही. माझा फेब्रुवारीतच काळाकुट्ट निघाला. बाहेरून आणून घरी बदलतो, डीलरच्या निम्म्या पैशांत काम होतं. वॉरंटीला त्यानं काही होत नाही.

आता ब्रेक. सर्व्हिस झाल्यावर काही आठवड्यांनी गगनबावड्याहून परत येत होतो. कळे ओलांडल्यापासून बॅटरीचा टक्का नेहमीपेक्षा झपाट्यानं उतरायला लागला. एसी बंद केला, वेग कमी केला, तरी तेच. बालिंग्याजवळ थांबलो तर जळका वास. उजव्या मागच्या रिमजवळ हात नेला, गार. डाव्या बाजूला नेला तर धग लागली. पॅड डिस्कला चिकटून राहिला होता आणि गाडी सगळा रस्ता त्याला ओढत आली होती.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण ही ईव्हीची खास अडचण आहे. पेट्रोल गाडीत प्रत्येक सिग्नलला ब्रेक घासतो, त्यामुळे डिस्क लखलखीत राहते आणि कॅलिपर हलता राहतो. ईव्हीत वेग उतरवायचं बहुतेक काम मोटरच जनरेटर होऊन करते आणि वीज परत बॅटरीत घालते, यालाच रिजन म्हणतात. रिजन जास्तीवर ठेवून चालवणाऱ्याचा पाय शहरात ब्रेकवर क्वचितच पडतो, आणि पडला तरी मागच्या चाकांच्या वाट्याला कमीच काम येतं. डिस्क असते ओतीव लोखंडाची. कास्टिंग मशीन करून पावसाळी हवेत रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी तांबूस झालेलं असतं, हे शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात कुणीही सांगेल. म्हणून तिथं जॉबला तेल लावून ठेवतात. ब्रेकच्या डिस्कला तेल लावता येत नाही. घासलं जाणं हाच तिचा गंजावरचा इलाज, आणि तोच रिजनमुळं बंद पडतो.

दुसरी जागा स्लाइड पिनची. कॅलिपर दोन पिनांवर मागंपुढं सरकतो. पिनांवर रबरी बूट असतो, आत ग्रीस. ग्रीस वाळलं किंवा बूट फाटून पाणी शिरलं की पिन धरते. मग ब्रेक सोडला तरी कॅलिपर मागं येत नाही.

वर्कशॉपमध्ये तपासतात काय? पॅडची जाडी. चाकाच्या आत टॉर्च मारून बघायचं किंवा गेज लावायचा, पॅड जाड दिसला की ओके. पेट्रोल गाडीला हे बरोबर आहे, तिथं पॅड झिजतो. ईव्हीत तो झिजतच नाही, अडकतो. जाडी कायम उत्तम येणार आणि टिक कायम पडणार. माझं म्हणणं एवढंच आहे की चेकलिस्ट जुन्या गाडीची आहे आणि बिल नव्या गाडीचं आहे.

दुसऱ्या दिवशी डीलरला फोन केला. आठवडाभरानंतरची तारीख मिळाली. तापलेलं चाक घेऊन आठवडा काढायचा नव्हता, म्हणून उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी चाक काढलं, कॅलिपर हातानं हलवून बघितला आणि मला खाली बसवलं. ‘हिकडं बघा दादा. वरची पिन फिरतीय, खालची जागची हलंना.’ बूटाच्या घडीत लाल चिखल साचला होता. तो नखानं खरवडून माझ्यासमोर धरला. ‘हे काय एका म्हैन्याचं न्हाई. कुणी खोललंच न्हाई हे.’

मला वाटलं होतं तिथंच काम उरकेल, पाच-सहाशेत सुटू. पण माझ्या मॉडेलला इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे. मागच्या कॅलिपरवरच त्याची मोटर बसवलेली असते, आणि पॅड मोकळे करायचे तर आधी स्कॅनर जोडून पार्किंग ब्रेक मेंटेनन्स मोडमध्ये घालावा लागतो. जोर लावून पिस्टन ढकलला तर आतलं गिअर तुटू शकतं. मिस्त्रींनी हात लावायला चक्क नकार दिला. ‘ह्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडं न्हाई, उगं हजारांचं काम करून ठेवायचो.’ पिनेवर तात्पुरता स्प्रे मारून, हलकेच मोकळी करून चाक बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत.

इथं थोडं विषयांतर, पण मला याचा खरंच राग आहे. कोल्हापूरचं कास्टिंग देशभरातल्या मोटारींत जातं. या गावात एवढे कसलेले हात आहेत आणि साधा कॅलिपर खोलायला पासवर्ड लागतो. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टलही सुरू केलं. उद्यमनगरातल्या मिस्त्रीच्या हातात मात्र स्कॅनर अजून आलेला नाही.

डीलरकडं गेलो तेव्हा पहिलं उत्तर ठरलेलं होतं: ‘ब्रेक वेअर अँड टेअरमध्ये येतं सर, वॉरंटीत बसत नाही.’ मी जॉब कार्ड पुढं ठेवलं आणि एकच प्रश्न लावून धरला. क्लीनिंग केलं असेल तर पिन काढली होती का? काढली असेल तर बूटात जुना चिखल कसा? काढली नसेल तर पैसे कशाचे घेतले? उद्यमनगरात काढलेले फोटो दाखवले. मॅनेजर येईपर्यंत बसून राहिलो. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवायची तयारी होती आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. ती वेळ आली नाही. लेबर माफ झालं, आधीच्या क्लीनिंगचे पैसे पुढच्या बिलात वळते करायचं मेलवर लिहून दिलं. तोंडी कबुली घेऊ नका, मेलच घ्या.

यानंतर माझं मत थोडं बदललं, तेही प्रामाणिकपणे लिहितो. गाडी ज्याच्याकडं दिली तो कागलकडचा तरुण मुलगा होता, आयटीआय करून ईव्हीचं ट्रेनिंग घेतलेला. माझ्या गाडीआधी त्याच्याकडं पुराच्या पाण्यातून आलेली एक ईव्ही होती. लांबून बघायला परवानगी मिळाली. त्यानं आधी रबरी हातमोजे घेतले, मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडली आणि कुठून हवा निसटते का ते कानाजवळ नेऊन ऐकलं. मग ते घातले, वर चामड्याचे घातले. बॅटरीचा हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबला, मीटर लावून व्होल्टेज शून्य आल्याची खात्री केली आणि मगच नारिंगी केबलला हात लावला. नंतर इन्सुलेशन मोजलं. आपल्याकडच्या एआयएस-०३८ मानकाप्रमाणे डीसी बाजूला दर व्होल्टमागं किमान १०० ओहम रोध लागतो. त्याहून खाली गेलं तर गाडी धोक्याची. त्या गाडीचा आकडा त्याच्या कितीतरी वर होता, तरी त्यानं कनेक्टर उघडून आतलं पाणी बघितलंच. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही पाणी आत शिरत नाही, असं कंपनी सांगते. ती चाचणी नव्या सीलवरची असते, शिरोलीजवळच्या पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीवरची नसते, हे त्या मुलाला कुणी न सांगता कळत होतं.

हे काम आज डीलरशिवाय कुणाकडं देऊ नका. साडेतीनशे-चारशे व्होल्टच्या डीसीशी उधारीच्या अनुभवावर खेळायचं नसतं. ‘डीलरकडं जायचंच कशाला’ असं मी त्या काळात बऱ्याच जणांना सांगत होतो, ते आता सांगत नाही. माझ्या गाडीच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. एवढी महाग वस्तू वॉरंटीत असताना सर्व्हिसची नोंद तुटू देणं परवडणार नाही.

माझ्या कॅलिपरच्या पिना त्यानं पॉलिश पेपरनं साफ केल्या, बूट नवे घातले, सिलिकॉन ग्रीस लावलं, डिस्कच्या कडेचा गंज काढला. तासाभराचं काम. हेच पहिल्या वेळी झालं असतं तर सगळा ताप टळला असता. त्यालाच विचारलं की यादीत हे का नाही. म्हणाला, ‘सर, जॉब कार्डवर असेल तर करायला वेळ देतात. नसेल तर पॅड बघून पुढं.’

तेव्हापासून मी गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घेतो: ‘चारही कॅलिपरच्या पिना काढून साफ करून ग्रीस लावणे, फोटो देणे.’ अॅडव्हायझर कुरकुरतो, पण लिहितो. वेळ गणपतीनंतरची ठेवतो, म्हणजे पावसाळ्यात शिरलेलं पाणी-चिखल निघून जातो. शिवाय आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, रिजन शून्यावर घेतो आणि चांगले दाबून ब्रेक मारतो. माझ्या गाडीत असं केलं की डिस्कच काम करते. सुरुवातीला खरखर येते, मग जाते.

ब्रेक फ्लुइडवर मात्र पैसे वाचवू नका. ‘ब्रेक वापरतच नाही तर फ्लुइड कशाला बदलायचं’ असं एकानं मला विचारलं. फ्लुइड न वापरताही हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, ओलावा धरल्यावर १५५ पर्यंत येतो. पन्हाळ्यावर मुक्कामी शंभर टक्के चार्ज करून सकाळी खाली उतरायला लागलात तर भरलेली बॅटरी रिजन घेत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. तेव्हा ते फ्लुइड चांगलं असलेलं बरं. दोन वर्षांनी बदलायचं, माझ्या पुस्तकातही तेच आहे.

टायर रोटेशन आणि अलाइनमेंट बाहेर करून घ्यायला हरकत नाही, फक्त समोर उभं राहा. कावळा नाक्याकडच्या एका दुकानात पोरगं जॅक थेट बॅटरीच्या केसिंगखाली सरकवत होतं, ओरडून थांबवावं लागलं. जॅक पॉइंट कडेला असतात, ते आधी दाखवून द्या. कूलंट मात्र बाहेर कुणालाही ओतू देऊ नका, पुस्तकात लिहिलंय तेच लागतं. उंदरांच्या स्प्रेचा काडीचा उपयोग झाला नाही. ऊस तुटला की उंदीर गावाकडं येतात आणि गावी लावलेल्या गाडीत शिरतात. खालून जाळी बसवून घेतली, ती टिकून आहे.

मागच्या सर्व्हिसचं बिल पहिल्यापेक्षा निम्म्यावर आलं, कारण सुरुवातीलाच नको ते खोडलं. कॅलिपरच्या कामाचे सहाशे अधिक जीएसटी लावले, ते मी न कुरकुरता दिले. बॅटरीच्या एसओएच (स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे बॅटरीची तब्येत) रिपोर्टची प्रिंट अजूनही मागितल्याशिवाय मिळत नाही. लॅपटॉपवर दाखवतात आणि खिडकी बंद करतात. ती प्रिंट तारखेसह दर वेळी घ्या आणि फाइलला लावा. उद्या वॉरंटीत बॅटरीचा दावा करायची वेळ आली तर तुमच्याकडं तोच कागद असेल.