स्वस्तातलं आयात पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर: सिंगल अ‍ॅक्शन की डबल?

अमेरिकेत कमी पैशांत बाहेरच्या देशातलं पॉइंट टू-टूचं, म्हणजे 0.22 इंच बोअरचं, रिमफायर रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की गाडी दोन नमुन्यांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे कोल्ट कंपनीच्या 1873च्या रिव्हॉल्व्हरच्या वळणाचं सिंगल अ‍ॅक्शन, बहुधा इटलीचं किंवा जर्मनीचं; यात दर गोळीला घोडा अंगठ्याने चढवायचा. दुसरं डबल अ‍ॅक्शन, बऱ्याचदा ब्राझीलचं, सिलिंडर बाजूला उघडणारं; यात नुसता चाप ओढला की घोडा आपणच चढतो आणि पडतो. माझ्याकडे दोन्ही होती. आता एकच आहे.

कागदावर डबल अ‍ॅक्शन सरस आहे, त्यात वाद नाही. सिलिंडरमध्ये आठ-नऊ काडतुसं मावतात आणि भरायला वेळ लागत नाही. साइटही बरी मिळते. 1968च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टपासून परदेशी हँडगनला खेळासाठी योग्य ठरल्याशिवाय देशात प्रवेश नाही. रिव्हॉल्व्हरची नळी किमान 3 इंच हवी आणि बाकीच्या गोष्टींना गुण देतात. कमी-जास्त करता येणारी साइट आणि नेमबाजीची मूठ असेल तर गुण वाढतात. स्वस्त मालावरही या गोष्टी दिसतात त्यामागे हे एक कारण असावं. त्यामानाने सिंगल अ‍ॅक्शनची साइट म्हणजे बऱ्याचदा फ्रेममध्ये कोरलेली नुसती खाच. नेम डावीकडे जात असेल तर सवय करून घ्या, एवढाच उपाय.

पण चापाचं काय? रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो. ती कड चेपायला घोड्याचा फटका जोरकस लागतो, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. महागड्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा जडपणा घासून-पुसून थोडा झाकलेला असतो, स्वस्तात तो थेट बोटाला जाणवतो. थोड्याच वेळात मी डबल अ‍ॅक्शनचाही घोडा अंगठ्याने चढवू लागलो. मग पैसे कशाचे मोजले, असं मनात आलंच.

तरी तेवढ्यावरून मी ते विकलं नसतं. मला खरा वैताग आणला तो रिकाम्या पुंगळ्यांनी. पॉइंट टू-टूचा दारूगोळा मळकट. थोडा वेळ गोळ्या झाडल्या की चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात, काजळी आणि शिशाचा थर बसतो आणि पुंगळ्या आत घट्ट धरतात. सेंटरफायरमध्ये, म्हणजे मसाला बुडाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसांत, एकदा दट्ट्या दाबला की पुंगळ्या खळकन पडतात. इथे नऊच्या नऊ अडकलेल्या, आणि सगळा जोर एका बारीक दट्ट्यावर. तळव्याने ठोकायचं, तळवा लाल करून घ्यायचा, आणि तेवढ्यात एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या मागे ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीवरून निसटून तिच्याखाली जाऊन बसते. आता चांदणी मागे जात नाही, सिलिंडर बंद होत नाही. बारीक पेचकस घेऊन दात उकरल्यासारखं उकरत बसा. माझ्या नशिबी एखादं बिघडलेलं आलं असेल, इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. पण चेंबर ब्रशने घासून, काडतुसांचा ब्रँड बदलूनही फार फरक पडला नाही.

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये हीच पुंगळी एकेकटी काढायची असते. झडप उघडा, सिलिंडर एक घर फिरवा, दट्ट्या रेटा. सगळा जोर एकाच पुंगळीवर, त्यामुळे चिकटलेलीही मुकाट बाहेर येते. सहा काढायच्या, सहा भरायच्या. वेळ जातो खरा, पण काडतुसं कमी उडतात आणि नेम सुधारतो, निदान माझा तरी सुधारला.

त्याच्याही खोडी आहेतच. स्वस्त प्रतीत फ्रेम बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते, हातात घेतल्यावर पोलादाचा भारदस्तपणा जाणवत नाही. सोबत मॅग्नमचं (जास्त ताकदीच्या, जाडसर काडतुसाचं) जादा सिलिंडर मिळत असेल तर जरूर घ्या, मात्र त्यात लाँग रायफल, म्हणजे पॉइंट टू-टूचं नेहमीचं साधं काडतूस, घालू नका. मॅग्नमचं चेंबर रुंद असतं, पुंगळी फाटते.

शिवाय 2019मध्ये रुगर या अमेरिकी कंपनीने रँग्लर हे सिंगल अ‍ॅक्शन आणलं, तेव्हा छापील किंमत होती 249 डॉलर. आयात सिंगल अ‍ॅक्शनला तेव्हापासून तगडा स्पर्धक घरातच आहे, दोन्ही हातात घेऊन पाहावीत. घरी सेंटरफायर डबल अ‍ॅक्शन असेल आणि त्याच चापाचा सराव स्वस्त काडतुसांवर करायचा असेल, तर माझं ऐकू नका, डबल अ‍ॅक्शनच घ्या.

जुनं घेणार असाल तर कोणत्याही नमुन्यात एक गोष्ट आवर्जून बघा. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची स्वतः खात्री करा आणि चेंबरच्या तोंडाची कड टॉर्चच्या उजेडात निरखा. आधीच्या मालकाने काडतूस न भरताच घोडा पाडायची हौस केली असेल, तर फायरिंग पिनने (काडतुसावर आदळणाऱ्या खिळीने) कडेवर बारीक खड्डे पाडलेले असतात. अशा चेंबरमध्ये काडतूस जाताना अडतं आणि पुंगळी निघताना रडवते. खड्डे दिसले तर किंमत कितीही उतरवून दिली तरी परत ठेवा.