मुलांच्या वॉर्डात औषधांची ऑर्डर: कागदावर की स्क्रीनवर?

कोल्हापुरात पंधरा-वीस खाटांचं मुलांचं हॉस्पिटल चालवत असाल, तर सॉफ्टवेअरवाले डेमोत आधी अक्षराचा मुद्दा काढतात. डॉक्टरांचं अक्षर वाचता येत नाही, स्क्रीनवर सगळं स्वच्छ. खरंच आहे. पण मुलांच्या औषधात घात अक्षराइतकाच हिशोबातही होतो.

आठ किलोचं बाळ घ्या. तापाला पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर एका वेळी १२० मिलिग्रॅम. सिरप ‘पाच मिलीत १२०’चं असेल तर ५ मिली, ‘पाच मिलीत २५०’चं असेल तर जेमतेम अडीच, आणि एका मिलीत १०० असलेले ड्रॉप्स असतील तर फक्त १.२ मिली. डॉक्टर औषधं लिहितात त्या ट्रीटमेंट शीटवर नुसतंच ‘पॅरासिटामॉल ५ मिली’ लिहिलंय आणि सिस्टरच्या हाती ड्रॉप्स आले, तर बाळाला ५०० मिलिग्रॅम जातात. चौपटीहून जास्त, आणि अक्षर मोत्यासारखं असलं तरी!

कोऱ्या ट्रीटमेंट शीटवर हे अडवणारं काहीच नसतं. ‘.५’मधला टिंब पुसट झाला की डोस दहापट. पण कागदाला वीज लागत नाही. २०१९ आणि २०२१चा महापूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय प्रेसमधून शीट छापून घेता येते: वर आजचं वजन, मग प्रत्येक औषधापुढे किलोमागे किती, एकूण मिलिग्रॅम, बाटलीची ताकद आणि मिली, असे रकाने. खर्च किरकोळ. गुणाकार मात्र माणसालाच करावा लागतो, आणि रात्री तीनला तो चुकतो.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरलाच चिकटवलेलं प्रिस्क्रिप्शन मला या छापील शीटपेक्षाही कमी भरवशाचं वाटतं. यादीत मोठ्यांच्या गोळ्या आधी येतात, शेजारचं नाव क्लिक होतं, आणि छापून आलं की कुणी शंका घेत नाही.

वजनाशिवाय पुढे न सरकणारी, मिली स्वतः काढणारी, कमाल डोसला थांबवणारी प्रणाली वेगळी. तरी तिचाही धोका आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात, दुसरीकडून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर संगणकीय ऑर्डर आल्यावर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. मूल पोहोचून नोंद होईपर्यंत ऑर्डर टाकताच येत नव्हती. आधी मूल वाटेत असतानाच ती तयार व्हायची. उलट स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयाने २०१० मध्ये अशाच बदलानंतर मृत्युदर २० टक्क्यांनी घटल्याचं मांडलं. फरक मांडणीचा, वॉर्डाच्या रीतीचा. आपल्याकडे चंदगड-आजऱ्याहून झटके येणारं मूल निघालंय असा फोन आला, तर तात्पुरत्या नावावर ऑर्डर टाकता येते का, हे विचाराच.

डेमोत आठ महिन्यांच्या बाळाचं वजन ८ ऐवजी ८० टाका. प्रणाली हटकते का बघा. तीन महिन्यांनी परत ॲडमिट झालेल्या मुलाचं जुनं वजन ती गुपचूप उचलते का, तेही पाहा. दर ऑर्डरला सूचना येत असतील तर चार दिवसांत सगळे न वाचताच ‘ओके’ दाबतील. शेवटी प्लग काढून चालू ऑर्डरची प्रिंट मागा. एवढं जमलं तर घ्या, नाहीतर यंदा छापील शीटच काढा.