नवा ट्रॅव्हल ट्रेलर, पहिली सहल: काही महिन्यांच्या वापरानंतर सामानाचा हिशेब

नव्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, पहिल्या सहलीचं सामान भरायला घेतलं की हात आधी स्वयंपाकघराकडे आणि कपाटाकडे जातात. भांडी, चादरी, घडीच्या खुर्च्या, दिव्यांच्या माळा. यातलं बहुतेक वाटेत कुठेही मिळतं, आणि नाही मिळालं तरी दोन रात्री निघतात. सहल खरी अडते ती ट्रेलरच्या बाहेर वापरायच्या वस्तूंवाचून: चाकाखाली, हिचवर (गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा), नळाला, मुक्कामाच्या जागेवरच्या विजेच्या खांबाला आणि मैलापाण्याच्या तोंडाला लागणाऱ्या. काही महिने ट्रेलर वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. ट्रेलर ज्या वस्तूंनी जमिनीशी, पाण्याशी आणि विजेशी जोडला जातो त्या आधी घ्याव्यात, चांगल्यातल्या घ्याव्यात, आणि उरलेल्या वजनात बाकीचं बसवावं.

वजनात म्हणतेय, जागेत नाही. कपाटं रिकामी दिसत असतात आणि वजनाची मर्यादा केव्हाच संपलेली असते. ट्रेलरच्या दाराजवळ किंवा बाहेरच्या भिंतीवर एक स्टिकर असतो, त्यावर किती किलो सामान भरता येईल ते लिहिलेलं असतं. आकडा पहिल्यांदा भरपूर वाटतो. मग त्यातून पाणी वजा करायचं: एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा १५० लिटरची टाकी काठोकाठ भरली की १५० किलो तिथेच गेले. नंतर बसवून घेतलेली दुसरी बॅटरी, सौर पॅनेल, सायकलींचा स्टँड, हेही त्यातच मोजायचं. जिथे नळ मिळणार आहे तिथे जाताना आम्ही टाकीत फक्त वाटेत हात धुण्यापुरतं आणि फ्लशपुरतं पाणी ठेवतो. पहिल्या सहलीआधी सगळं सामान भरून ट्रेलर एकदा वजनकाट्यावर न्यावा. हे काम मी सामानाच्या यादीतच धरते, कारण बाकीची यादी किती लांब असू शकते ते काट्यावरच ठरतं.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. जड वस्तू एक्सलच्या (दोन बाजूंची चाकं जोडणारा दांडा) वर किंवा किंचित पुढे, आणि जमेल तितक्या खाली. हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलरचं पुढचं टोक बसतं त्यावर, किती भार पडावा याचं प्रमाण ठरलेलं आहे: उत्तर अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के, युरोपीय बनावटीच्या ट्रेलरला, म्हणजे तिथल्या कॅराव्हॅनला, ५ ते ७ टक्के. आपल्या पुस्तिकेत जे दिलंय ते प्रमाण मानावं. मागच्या टोकाला सायकली टांगल्या, शेवटच्या खणात हत्यारं कोंबली, की बॉलवरचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. झुलणं रोखणारा हिच मदत करतो, पण मागे साठलेल्या वजनावर तो इलाज नाही. आमची हत्यारांची पेटी पुढच्या खणात असते आणि डबाबंद खाणं एक्सलवरच्या बाकाखाली. ही मांडणी आम्ही आजवर बदललेली नाही.

चाकांसाठी तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात: हवेचा दाब मोजायचा चांगला गेज, टॉर्क पान्हा (ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, नट आवळणारा) आणि ट्रेलरच्या नटांना बसणारा सॉकेट. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही, आणि गाडीचा जॅक तर बहुतेक वेळा पुरत नाही. हवा टायर थंड असतानाच मोजायची, निघण्यापूर्वी. नव्या ट्रेलरचे चाकाचे नट सुरुवातीच्या प्रवासात बसतात आणि थोडे सैल होतात. एक्सल बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांत पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरच्या आसपास ते पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळायला सांगितलेलं असतं. म्हणजे हा पान्हा पहिल्याच दिवशी रस्त्याच्या कडेला बाहेर काढावा लागतो, तो सामानाच्या तळाशी ठेवून चालत नाही. आमच्याकडे तो दाराच्या पायरीमागच्या कप्प्यात आहे.

मुक्कामाच्या जागी पोचल्यावर पहिला प्रश्न समपातळीचा. एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे आणि दोन चिकटवायच्या पाणसळी, एक पुढच्या भिंतीवर आणि एक बाजूला. ठोकळ्यांबद्दल मी मनापासून सांगेन की जास्तीचा एक संच घ्या, कारण दोन एक्सलच्या ट्रेलरला एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली ठोकळे लागतात. क्रम असा: ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू सारखी करायची, मग चाकांना पाचरी लावायच्या, मगच हिच सोडायचा, नंतर पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी जुळवायची आणि शेवटी कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर खाली सोडायचे. स्टॅबिलायझर डळमळ थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नाहीत. गॅसवरही चालणारा, अमोनियाच्या द्रावणावर थंड होणारा फ्रिज असेल तर पातळी फार महत्त्वाची. त्याच्यात पंप नसतो, द्रावण उताराने वाहतं, आणि ट्रेलर बराच वेळ कलता राहिला तर फ्रिजचं कायमचं नुकसान होऊ शकतं. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज याबाबतीत सोशिक असतो.

पाचरींचा अनुभव स्वतंत्र सांगण्यासारखा आहे. हलक्या पोकळ प्लास्टिकच्या पाचरी ओल्या खडीवर सरकतात. भरीव रबराच्या घेतल्यापासून तो त्रास नाही. दोन चाकांच्या मध्ये फिट होणारी स्क्रूची पाचर वेगळीच गोष्ट आहे: ती घट्ट केली की आत चालताना ट्रेलर हलणं बरंच कमी होतं. मात्र जमिनीवरच्या पाचरींना ती पर्याय नाही, त्यांच्या जोडीने वापरायची.

आता पाणी. पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला पाइप घ्या, बागेचा नको, त्याच्या पाण्याला रबराचा वास येतो आणि तो पिण्यासाठी तपासलेला नसतो. एका लांब पाइपऐवजी सात-आठ मीटरचे दोन घेतले तर बहुतेक ठिकाणी एकावरच भागतं आणि सुकवून गुंडाळणंही सोपं जातं. दाब कमी करणारा रेग्युलेटर नळाच्या तोंडालाच लावायचा, ट्रेलरकडे नाही, म्हणजे पाइपही वाचतो. ठरावीक दाबाच्या छोट्या पितळी रेग्युलेटरने काम होतं, पण धार बारीक होते. काट्याचा, दाब जुळवता येणारा रेग्युलेटर साधारण ३ बारला लावून ठेवला की अंघोळीला पाणी पुरेसं येतं. त्यापुढे फिल्टर. आणि रबरी वॉशरची एक पुडी. या एवढ्याशा वस्तूची आम्हाला जितक्या वेळा गरज पडली तितकी इतर कशाचीच नाही. अनोळखी नळाच्या आट्या झिजलेल्या असतात, वॉशर गायब असतो, आणि पाणी जोडणीतून उडत राहतं.

नवी टाकी पहिल्यांदा भरण्याआधी निर्जंतुक करावी. सुमारे ५ टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच, ५५-६० लिटर क्षमतेला साधारण ६० मिलिलिटर, आधी पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत खेळवायचं, काही तास ठेवून रिकामं करायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. या वेळी फिल्टर काढून ठेवायचा. गिझर मात्र गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्याशिवाय चालू करायचा नाही. कोरड्या टाकीत विजेची कॉइल बघता बघता जळते.

मैलापाण्याबद्दल लोक बोलायला टाळतात आणि मग पहिल्या सहलीला नेमकं तिथेच हाल होतात. निचऱ्याचा पाइप जाड भिंतीचा घ्या. स्वस्त पातळ पाइपला घड्यांच्या जागी बारीक भोकं पडतात, आमचा पहिला पाइप असाच गेला. पारदर्शक कोपरा जोडला की टाकी खरोखर रिकामी झाली का ते दिसतं. पाइपखाली उतार देणारी घडीची शिडी, टाकाऊ हातमोज्यांचा खोका, आणि टाकी धुवायला वेगळ्या रंगाचा वेगळा पाइप. हा पाइप पिण्याच्या पाइपाशेजारी कधीही ठेवू नका. हे सगळं सामान झाकणाच्या डब्यात, स्वतंत्र खणात.

वापराचे दोन नियम या सामानाइतकेच मोलाचे आहेत. मैल्याच्या, म्हणजे शौचालयाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंद ठेवायचा आणि टाकी निदान दोन तृतीयांश भरल्यावरच सोडायची. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाशी थर धरतो. आणि आधी मैल्याची टाकी सोडायची, मग बेसिन-अंघोळीच्या सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. रिकामी केल्यावर तळ झाकेल इतकं पाणी आणि टाकीचं औषध घालायचं. लवकर विरघळणारा टॉयलेट पेपर ओळखायला बरणीत पाणी घेऊन दोन तुकडे टाका आणि हलवा. काही क्षणांत त्याचा लगदा झाला तर तो कागद चालेल.

विजेसाठी सर्वात जास्त खर्च करावा असं मला वाटतं ते खांबाची वीज तपासून मगच आत सोडणाऱ्या संरक्षक यंत्रावर. नुसता क्षणिक झटका अडवणारं यंत्र वेगळं आणि उलटी वायरिंग, तुटलेलं अर्थिंग, कमी-जास्त व्होल्टेज ओळखून पुरवठा तोडणारं वेगळं. दुसरं घ्या. गर्दीच्या दिवसांत सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं, आणि कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट खेचून तापतो. आमच्या यंत्राने अशा दुपारी पुरवठा तोडला तेव्हा उकाड्याने जीव कासावीस झाला, पण एसी आजही उत्तम चालतो. खांबावरचं सॉकेट वेगळं निघू शकतं, म्हणून अॅडॉप्टर जवळ हवेत. क्षमतेचं गणित सोपं आहे: १२० व्होल्ट ३० अँपिअर असो की २३० व्होल्ट १६ अँपिअर, हातात साधारण ३६०० वॉट येतात. एसी चालू असताना किटली आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावले की सर्किट तुटणार. वाढीव केबल वापरली तर ती पूर्ण उलगडून ठेवायची. गुंडाळलेली केबल भार पडला की आतून तापते.

खांब नसलेल्या जागी बॅटरी किती उरलीय ते ट्रेलरच्या चार दिव्यांच्या पट्टीवरून नीट कळत नाही. साधा व्होल्टमीटर लावून घेतला आणि अंदाज बांधणं थांबलं. लेड-अॅसिड बॅटरी भार नसताना १२.६ ते १२.७ व्होल्टला पूर्ण, १२.१ च्या आसपास अर्धी. त्याखाली वारंवार नेली तर तिचं आयुष्य घटतं. गॅसच्या हीटरचा पंखासुद्धा बॅटरीवरच चालतो, त्यामुळे थंडीच्या रात्री गॅस भरपूर असूनही हीटर बंद पडू शकतो.

सुरक्षेत तडजोड नाही. अग्निशामक दाराजवळ, हात घातला की मिळेल असा. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा अलार्म नव्या ट्रेलरमध्ये बसवलेला असला तरी त्यांच्या पाठीवर छापलेली तारीख वाचा, त्यांच्या सेन्सरला मुदत असते. गॅसचा अलार्म जमिनीलगत असतो कारण सिलिंडरमधला प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड आहे आणि खाली साठतो. त्याच्यापुढे पिशव्या रचू नका. सिलिंडर बदलल्यावर साबणाच्या पाण्याने सांधे तपासायचे. शेगडी पेटवून ट्रेलर उबदार करायचा नाही, कितीही थंडी असली तरी.

ट्रेलर मागे घेताना मी गाडीत आणि ताई बाहेर. मोबाइलला रेंज नसते तिथे दोन छोट्या वॉकीटॉकींनी फार साथ दिली. ताईची वाक्यं आता ठरलेली आहेत: "तुझ्या बाजूला घे", "माझ्या बाजूला घे", "थांब". डावं-उजवं म्हणायचं नाही, कारण समोरासमोर असताना ते उलटं होतं. "थांब" ऐकलं की ब्रेक, प्रश्न नंतर. जोडीला डोक्याला लावायचा दिवा, कारण अंधारात पोचल्यावर दोन्ही हात मोकळे लागतात, आणि हिचच्या पिना व क्लिपा यांचा जास्तीचा संच. त्या गवतात पडल्या की सापडत नाहीत आणि त्यांच्यावाचून निघता येत नाही. बारा व्होल्टचे फ्यूज, पाण्याने न सुटणारी चिकटपट्टी आणि केबल टाय याच डब्यात.

आतल्या सामानात न फुटणारी ताटं, कप्प्यांत रबरी जाळी, फ्रिजमध्ये डबे धरून ठेवणारी आडवी स्प्रिंगची दांडी आणि दाराबाहेर मोठी चटई एवढं आवर्जून घ्या. चटईने आत येणारी माती अर्ध्यावर येते. गादीवर टाकायचा फोमचा थर घेण्याआधी गादी मोजा, ट्रेलरच्या गाद्या बहुधा नेहमीच्या मापाच्या नसतात. कपडे ठरवले त्याच्या निम्मे पुरले.

न वापरलेल्या वस्तूही सांगते. बाहेर मांडायची दुसरी शेगडी, मोठं घडीचं टेबल आणि तयार मिळणारा नवशिक्यांचा संच. त्या संचातला पाइप आणि रेग्युलेटर दोन्ही बदलावे लागले, फक्त हातमोजे आणि टाकीचं औषध वापरलं गेलं. जनरेटरची घाई करू नका. पहिली सहल वीज आणि पाणी मिळणाऱ्या, घरापासून जवळच्या जागी करा, आणि एसी सोडून आपल्याला खरी वीज किती लागते त्याचा अंदाज खांबाची जोडणी काढून, बॅटरीवर राहून व्होल्टमीटरवर घ्या. आम्हाला त्यानंतर जनरेटरची गरजच उरली नाही, एका मध्यम सौर पॅनेलवर भागलं.