बेतीतले आउटबोर्ड वर्कशॉप: कार्बोरेटर उघडून पाहिल्याशिवाय बदला न म्हणणारे

माझी फायबरची छोटी होडी गोव्यात शिवोलीच्या बाजूला शापोरा नदीत असते आणि तिला १५ अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, आहे. मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, मी ती किनाऱ्यावर ओढून ठेवली. टाकीतले पेट्रोल काढले, पण कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, वाटीतले राहून गेले. ऑगस्टमध्ये इंजिन सुरू होई, मात्र मंद गतीवर आणले की बंद पडे आणि चोक अर्धा ओढला तरच धावे. चोकने हवा कमी केल्यावरच इंजिन धावते, याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडते आहे, एवढे मला समजत होते.

घराजवळच्या एका मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा उघडला, जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागात) तार घातली आणि शेवटी 'हा टाकून नवीन घ्या' असे सांगितले. मूळ कंपनीच्या नव्या भागाची किंमत ऐकून मी बेतीला एका लहानशा वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या वयस्क मेस्तांनी, म्हणजे मिस्त्रींनी, रिपेअर किटचे नावही न काढता आधी थ्रॉटलचा (वेग कमीजास्त करणाऱ्या झडपेचा) शाफ्ट बोटाने हलवून पाहिला. "भाई, किट कोणालाही बसवता येते. बॉडी गेली असेल तर किटचे पैसे पाण्यात," असे ते म्हणाले.

हाच या दुकानाचा खरा गुण आहे. रिपेअर किटमध्ये गॅस्केट, वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी नीडल आणि तिची बैठक असे झिजणारे भाग असतात. शाफ्ट ज्या छिद्रात फिरतो ते छिद्र झिजून लांबट झाले असेल, तर कोणतेही किट ते भरून काढत नाही. तिथून जास्तीची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मग भर वेगात पिस्टन जाम होण्याची भीती असते. कार्बोरेटरवर वाचवलेले पैसे अशा वेळी इंजिनाच्या खर्चात जातात.

माझा शाफ्ट घट्ट होता. वाटीच्या तळाशी मात्र तपकिरी चिकट थर आणि पाण्याचे थेंब होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढते, पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! मंद गतीचा जेट त्या थराने पूर्ण बुजला होता. मेस्तांनी तो तारेने टोचला नाही. रसायनात भिजवून हवेच्या झोताने साफ केला. मुख्य जेटचे छिद्र आधीच्या तारेने रुंदावलेले दिसले, म्हणून तो त्याच क्रमांकाचा नवीन घातला. माझ्या समोरच एका गिऱ्हाइकाचा कार्बोरेटर मात्र त्यांनी परत केला: आत पांढरी भुकटी धरून धातूला खड्डे पडले होते आणि शाफ्ट खडखडत होता. त्याला त्यांनी सरळ नवीन घ्यायला सांगितले, आणि तो स्वतः विकण्याचा आग्रहही केला नाही.

बाजारातला स्वस्त नकली कार्बोरेटर मीही विचारून पाहिला होता. त्यावर त्यांनी दिलेली सूचना उपयोगी आहे: अनेक कंपन्यांच्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या इंजिनांचा ब्लॉक एकच असतो, फरक मुख्यतः कार्बोरेटरमध्ये असतो. बाहेरून सारखा दिसणारा, नीट बसणारा ९.९ चा भाग लावून इंजिनाची ताकद का गेली हे शोधत बसण्यापेक्षा बॉडीवरची खूण आधी जुळवून पाहावी.

किट, जेट आणि मजुरी मिळून २,४०० रुपये झाले. इंजिन आता चोकशिवाय मंद गतीवर स्थिर राहते. पूर्ण वेगावर स्पार्क प्लगचा रंगही फिकट तपकिरी आहे, म्हणजे मिश्रण ठीक आहे.

तक्रारी दोन आहेत. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले, आणि त्या काळात फोन उचलला नाही. बिल मागितल्यावर वहीच्या पानावर आकडा लिहून मिळाला, त्यात बदललेल्या भागांची नोंद नव्हती. ती मी जवळ बसून लिहून घेतली. बंदी उठण्याच्या सुमारास तिथे इंजिनांची रांग लागते, तेव्हा काम करून घ्यायचे असल्यास जूनमध्येच न्यावे, आणि नेण्याआधी वाटीचा निचरा स्क्रू सोडून तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत धरावे. माझ्या बाटलीत पाण्याचा वेगळा थर दिसताच मेस्तांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.