रेंजवरचा तास: एकच क्लब घोटायचा की दर चेंडूला बदलायचा?

गोल्फच्या सरावासाठी आठवड्यातून एक-दोन तासच रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सराव-मैदानावर, मिळत असतील, तर ते कसे वापरायचे याच्या दोन पद्धती आहेत. एक घोटण्याची: ७ नंबरचं आयर्न (मध्यम अंतराचा क्लब, म्हणजे चेंडू मारायचा दांडा), लक्ष्य म्हणून एकच झेंडा, लागोपाठ पन्नास चेंडू. दुसरी बदलत्या सरावाची: ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब), मग ८ आयर्न, मग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), दर वेळी लक्ष्य वेगळं, आणि एकाच क्लबने सलग दोन चेंडू मारायचे नाहीत. बहुतेक जण वर्षानुवर्षं पहिलीच पद्धत वापरतात आणि रेंजवर सरळ जाणारा चेंडू प्रत्यक्ष खेळाच्या कोर्सवर का भरकटतो, याचं कोडं त्यांना सुटत नाही. तरीही दुसरी पद्धत सगळ्यांना सरसकट लागू पडत नाही. आधी आपली अवस्था तपासायला हवी.

तपासणी सोपी आहे. क्लबच्या तोंडावर पायांना लावायच्या पावडरचा हलका फवारा मारा आणि ७ आयर्नने १० चेंडू मारा. प्रत्येक चेंडूनंतर ठसा पाहा, फोटो काढा, पुसून पुन्हा फवारा. मग गवतावर लक्ष्याच्या दिशेला काटकोनात एक रेघ ओढा, चेंडू रेघेवर ठेवून मारा. डिव्हट (क्लबने गवतात पडणारा खड्डा) रेघेच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला पडायला हवा. ही दुसरी चाचणी रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर करू नका. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी मॅटवर तळ घसरत पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो. गवतावर तोच फटका जमिनीत रुततो आणि चेंडू निम्म्या अंतरावर पडतो.

दहापैकी सहा-सात ठसे मध्याजवळ आणि डिव्हट पुढे असतील, तर घोटण्यात वेळ घालवू नका, बदलत्या सरावाकडे वळा. ठसे क्लबच्या तोंडाच्या टाचेपासून (दांड्याकडची बाजू) टोकापर्यंत विखुरलेले असतील, तर आधी घोटावंच लागेल. क्लब बदलत राहिलात तर चूक कुठून येते हेच कळणार नाही.

घोटण्याची खरी जागा म्हणजे एखादी ठरावीक दुरुस्ती. स्लाइसचं, म्हणजे हवेत बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या फटक्याचं, उदाहरण घ्या. चेंडू सुटतो तो मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचं तोंड जिकडे असतं तिकडे. वळतो तो तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं तोंड मार्गाच्या तुलनेत उघडं राहिलं की चेंडू उजवीकडे वळतो. अशा वेळी बरेच जण आणखी डावीकडे नेम धरतात. त्यामुळे मार्ग आणखी डावीकडे जातो, फरक वाढतो आणि स्लाइस बळावतो. सुरुवात ग्रिपपासून करा: खाली पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसायला हवीत. मग १० चेंडू अर्ध्या स्विंगने, १० पाऊण स्विंगने, आणि थांबा.

थांबा म्हणण्याला कारण आहे. विसाव्या चेंडूपर्यंत हात मागच्या चेंडूचीच चूक सावरायला लागलेला असतो. उभं राहण्याची जागा बदललेली नसते, त्यामुळे नेम घ्यायचा सरावच होत नाही. वेगही नकळत वाढतो. दोन काठ्या जमिनीवर समांतर ठेवा, एक लक्ष्यरेषेच्या बाजूला, दुसरी पावलांच्या टोकांशी, आणि दर चेंडूनंतर मागे येऊन नव्याने उभे राहा.

बदलता सराव करताना आपण बिघडलोय असं वाटतं. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं: मिसळून सराव करणारा गट सरावात मागे पडला, पण नंतरच्या परीक्षेत पुढे निघाला. दर वेळी अंतर, क्लब आणि हालचाल यांची जुळणी नव्याने करावी लागते. कोर्सवरही तेच करायचं असतं. म्हणून दहाव्या मिनिटाला निराश होऊन पुन्हा ७ आयर्न उचलू नका. दुसरी नेहमीची चूक म्हणजे क्लब बदलायचा, पण लक्ष्य तेच ठेवायचं. दोन झेंड्यांमध्ये फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) आहे असं धरा, ड्रायव्हर मारा; चेंडू बाहेर गेला तर पुढचा फटका झाडाखालून काढल्यासारखा खाली ठेवून मारा. असे सहा होल रेंजवरच खेळा.

मनाची तयारीही याच सरावात बसते; लागोपाठ पन्नास चेंडू मारताना तिला जागाच नसते. चेंडूच्या मागे उभं राहून फटका ठरवा, रेषेवर एक मीटर पुढे एखादं पान किंवा जुना डिव्हट हेरा, एकदा स्विंग करून पाहा, उभे राहा, लक्ष्याकडे बघा, मारा. लक्ष कुठे ठेवायचं हेही महत्त्वाचं आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या प्रयोगात हातांऐवजी क्लबच्या हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्या नवशिक्यांचे पिच शॉट (जवळून मारलेले उंच फटके) जास्त अचूक पडले. कोपर, खांदा, मनगट यांचा विचार घोटतानाच उरकून घ्या.

पटिंगमध्ये, म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवर चेंडू घरंगळत होलमध्ये घालण्यात, निवड अंतरावर ठरते. तीन फुटांच्या आत घोटणंच बरं. चेंडूचा व्यास ४२.६७ मिमी असतो; त्याच्या ३० सेंमी पुढे ५० मिमी अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा आणि मधून पट करा. टीला चेंडू लागला तर क्लबचं तोंड तिरकं होतं किंवा फटका मध्यावर बसला नाही, इतकं स्पष्ट उत्तर मिळतं. सहा मीटरपासून पुढे मात्र दर वेळी अंतर बदला आणि एकच चेंडू वापरा. तीन चेंडू ठेवले की पहिल्यावरून ग्रीनचा वेग कळतो आणि उरलेले दोन फसवे चांगले जातात. आठ फुटांवरून पीजीए टूर या अमेरिकी व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडूही साधारण निम्मेच पट होलमध्ये घालतात, त्यामुळे तिथे चुकलं म्हणून स्ट्रोक बदलू नका.

दोन्ही लागत असेल तर तासातली पहिली १५ मिनिटं एका दुरुस्तीला, ३० बदलत्या फटक्यांना, उरलेली ग्रीनवर. पावडरची चाचणी महिन्यातून एकदा करा आणि ठसे जमू लागले की पहिला भाग कमी करा. स्पर्धेच्या आठवड्यात दुरुस्ती पूर्ण बंद ठेवा. फेरीच्या दिवशी वॉर्मअपचा शेवटचा चेंडू पहिल्या टीवर, म्हणजे पहिल्या होलच्या सुरुवातीच्या जागेवर, जो क्लब घेणार आहात त्यानेच, पूर्ण तयारीनिशी मारा.