पहिला अल्बम कोणता ऐकावा? ख्रिस्ती पर्यायी रॉकमधील काही दुर्लक्षित अल्बमांची तुलना

ख्रिस्ती रॉक म्हटले की आपल्याकडच्या बहुतेक श्रोत्यांना हात उंचावून गायली जाणारी स्तुतिगीते आठवतात, किंवा एखाद्या गाजलेल्या बँडची चाल उचलून तीत येशूचे नाव बसवलेली गाणी आठवतात. या दोन्हींपासून दूर असलेला एक प्रवाह १९८० च्या आसपास अमेरिकेत, त्यातही प्रामुख्याने कॅलिफोर्नियात, वाहू लागला आणि आजही तो फार थोड्यांच्या कानांवर पडलेला आहे. या प्रवाहातले एक-दोन अल्बम ऐकून पाहावेत असे ज्यांना वाटते, पण सुरुवात कुठून करावी हे ठरत नाही, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. वसई किंवा अहिल्यानगरकडच्या ज्या वाचकांना चर्चमध्ये गाता येईल असे उपासनासंगीत हवे असेल, त्यांच्या हाती यातून फारसे काही लागणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांचे काम या गाण्यांकडून होणार नाही आणि ती त्यासाठी रचलेलीही नाहीत.

हे अल्बम अपरिचित का राहिले, हे आधी पाहणे उपयोगाचे आहे, कारण त्यांच्या गुणदोषांचे मूळही तिथेच आहे. त्या काळी अमेरिकेत ख्रिस्ती संगीताचा बाजार स्वतंत्र होता. कंपन्या वेगळ्या, रेडिओ केंद्रे वेगळी आणि विक्री मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून होत असे. त्या दुकानांना गाण्यातला संशय खपत नसे आणि दुकानाबाहेरच्या श्रोत्यांना गाण्यातला येशू. सॅक्रामेंटोच्या ‘द सेव्हन्टी सेव्हन्स’ या बँडला दोन्ही बाजूंचा फटका बसला. त्यांचा १९८७ चा अल्बम आयलंड या मोठ्या कंपनीमार्फत आला, पण त्याच वर्षी त्याच कंपनीने यू-टू या बँडचा जगभर गाजलेला ‘द जोशुआ ट्री’ काढला आणि कंपनीचे लक्ष कुणाकडे गेले असेल ते सांगायला नको. पाच वर्षांनी त्यांनी एका अल्बमच्या नावात प्रार्थनेच्या शेजारी नग्नतेचा शब्द ठेवला, तर ते नाव बाजारात येण्याआधीच गळाले आणि मुखपृष्ठावर फक्त बँडचे नाव उरले.

निवड करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न बहुधा ‘द क्वायर’ या बँडचा ‘सर्कल स्लाइड’ (१९९०) घ्यावा की ‘ॲडम अगेन’चा ‘डिग’ (१९९२), असा येतो. जाणकारांच्या शिफारशींत ही दोन नावे वारंवार भेटतात. दोन्ही बँड दक्षिण कॅलिफोर्नियाचे, दोन्ही अल्बमांत अंतर जेमतेम दोन वर्षांचे आणि माणसेही एकमेकांच्या घरोब्यातली: क्वायरचे गायक डेरी डॉहर्टी आणि ॲडम अगेनचे जीन यूजीन हे पुढे ‘लॉस्ट डॉग्ज’ या संयुक्त बँडमध्ये एकत्र गायले. तरीही हे दोन अल्बम ऐकण्याचा अनुभव एकमेकांच्या अगदी उलट आहे.

‘सर्कल स्लाइड’ पहिल्याच ऐकण्यात आवडतो. डॉहर्टी यांची गिटार एकेका सुराचा नाद इतका लांबवत नेते की पुढचा सूर त्याच्या ओल्या कडेवर येऊन पडतो. डॅन मायकल्स यांचा सॅक्सोफोन आणि लिरिकॉन नावाचे फुंकून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य त्यात धूसरपणा मिसळतात, आणि गायकाचा आवाज कधीही चढत नाही. गाण्यांचे शब्द बहुतांशी ड्रमवादक स्टीव्ह हिंडालाँग यांचे आहेत आणि त्यांचा विषय घर, अंगण, पत्नी आणि दुःखात असलेले मित्र हा आहे. याच्या आदल्या अल्बमवर हिंडालाँग यांच्या नवजात मुलीची छाया आहे. इथे ते संसाराकडे थोडे लांबून, कृतज्ञतेने आणि किंचित काळजीने पाहतात. नऊ गाण्यांच्या या प्रवासाच्या शेवटी जी उघड प्रार्थना येते, ती म्हणूनच उपरी वाटत नाही. दोष सांगायचा तर तो याच सौंदर्याचा आहे. हा अल्बम मागे चालू ठेवून स्वयंपाक करता येतो, आणि मधल्या दोन-तीन गाण्यांत एक कधी संपले आणि दुसरे कधी सुरू झाले हे लक्षात येत नाही. ज्यांना संगीताचा पोत आधी आणि शब्द नंतर ऐकू येतात, त्यांनी मात्र बेधडक इथून सुरुवात करावी.

‘डिग’ स्वयंपाक करू देत नाही. ॲडम अगेनच्या आधीच्या अल्बमांत फंक या नाचऱ्या शैलीचा ठेका ठळक होता. इथे त्या ठेक्याचा सांगाडा ठेवून बाकीचा थाट काढून टाकला आहे. पॉल व्हलाडेझ यांची बेस गिटार आणि जॉन नॉक्स यांचे ड्रम्स गाणे पुढे ओढतात, ग्रेग लॉलेस यांची गिटार त्याला अडवते, आणि या ओढाताणीवर जीन यूजीन यांचा काहीसा नाकातला, झोप न झालेल्या माणसासारखा आवाज येतो. अल्बमच्या शेवटाकडे एक गाणे आहे, त्यात ओहायोतल्या कायाहोगा नदीला लागलेल्या आगीची प्रतिमा आहे. कारखान्यांच्या तेलकट सांडपाण्यामुळे ही नदी जून १९६९ मध्ये क्लीव्हलंड शहरात खरोखरच पेटली होती. पाणी पेटणे या अशक्य वाटणाऱ्या पण प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवर यूजीन यांनी दोन माणसांमधल्या विझत गेलेल्या नात्याचे गाणे उभे केले आहे. त्याच बँडमध्ये गाणाऱ्या रिकी मिशेल या तेव्हा त्यांच्या पत्नी होत्या आणि पुढे ते दोघे विभक्त झाले, हे कळल्यावर तिचा स्वर त्याच्या मागे येतो त्या जागा अधिकच टोचतात.

या अल्बममध्ये श्रद्धेचा उच्चार फार कमी आहे. तुकोबांनी विठ्ठलाला सुनावलेले खडे बोल ऐकत वाढलेल्या मराठी कानाला देवाशी भांडण नवे नाही. पण ‘डिग’मध्ये भांडणही नाही, भांडून झाल्यावर खोलीत उरते तशी शांतता आहे. ज्या श्रोत्याला प्रत्येक गाण्यात विश्वासाची खूण हवी असते, त्याला हा अल्बम ख्रिस्ती म्हणावा का, असा प्रश्न पडेल. माझे मत विचाराल तर, शब्द लक्ष देऊन ऐकणाऱ्याने ‘सर्कल स्लाइड’च्या आधी हाच ऐकावा, कारण दहा वेळा ऐकूनही याचा तळ लागत नाही. लहानपणी दूरचित्रवाणीवर बालकलाकार असलेल्या यूजीन यांनी हंटिंग्टन बीच येथे ‘द ग्रीन रूम’ नावाचा स्टुडिओ चालवला आणि या वर्तुळातल्या अनेक बँडचे ध्वनिमुद्रण तिथे झाले. तिथेच मार्च २००० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या दोन्हींपेक्षा अवघड, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रवाहातला सर्वांत बुद्धिमान अल्बम म्हणजे ‘डॅनिअल एमॉस’ या बँडचा ‘डार्न फ्लोअर, बिग बाइट’ (१९८७). नावावरून काहीच बोध होत नाही, पण त्यामागची हकीकत कळली की सगळा अल्बम उलगडतो. कॅलिफोर्नियात कोको नावाच्या एका गोरिला मादीला खुणांची भाषा शिकवली होती. भूकंप झाल्यावर तिला जे जाणवले ते तिने जवळ असलेल्या मोजक्या खुणांतून सांगायचा प्रयत्न केला: मेली जमीन, चावली. बँडचे गीतकार टेरी टेलर यांना यात माणसाच्या देवाविषयीच्या सगळ्या बोलण्याचे चित्र दिसले. कोको खोटे बोलत नव्हती, तिला भूकंप खरोखरच जाणवला होता. पण भूकंप म्हणजे जमिनीने चावणे नव्हे. देवशास्त्र, प्रवचने आणि स्तुतिगीतेही याच जातीची आहेत, असे हा अल्बम सुचवतो. आपल्याकडे हीच गोष्ट ‘नेति नेति’ या दोन शब्दांत सांगितली गेली, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. १९८० च्या दशकातल्या अमेरिकन ख्रिस्ती बाजाराला मात्र ती पचणे कठीण होते.

संगीतही कल्पनेला साजेसे आहे. ग्रेग फ्लेश यांची गिटार सरळ सूर धरतच नाही, कोपऱ्याकोपऱ्यांनी चालते. टिम चँडलर यांची बेस गिटार गाण्याच्या खाली राहण्याऐवजी गाण्याशी हुज्जत घालते. आणि टेलर कधी कुजबुजतात, कधी किंचाळतात. ज्यांनी टॉकिंग हेड्ससारखे बँड आवडीने ऐकले आहेत त्यांना हे लगेच भिडेल. इतरांनी पहिल्या दिवशी हा घेऊ नये. याच बँडच्या १९८१ ते १९८६ या काळातल्या चार अल्बमांची ‘अलार्मा’ मालिकाही मोलाची आहे, परंतु चार अल्बमांचे ओझे नवख्या श्रोत्यावर टाकण्यात अर्थ नाही.

मराठी श्रोत्याला आशयाच्या बाजूने सर्वांत जवळचा वाटेल असा अल्बम मात्र पुढच्या पिढीचा आणि फिलाडेल्फियाचा आहे. ‘मीविदाउटयू’ या बँडचा २००९ चा अल्बम ‘इट्स ऑल क्रेझी’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या एका लांबलचक नावाने आला. हे सगळे वेड आहे, खोटे आहे, स्वप्न आहे आणि तरी ठीक आहे, असा त्या नावाचा आशय. आणि ते उद्गार श्रीलंकेतून फिलाडेल्फियाला गेलेल्या बावा मुहैयद्दीन या तमिळभाषक सूफी संताच्या शिकवणीतून आलेले आहेत. गायक ॲरन वाइस यांचे आईवडील या बावांच्या अनुयायांपैकी होते, त्यामुळे घरात ज्यू, ख्रिस्ती आणि सूफी अशा तिन्ही धाटण्या नांदत होत्या. अल्बममधली कित्येक गाणी बावांच्या बोधकथांवर आधारलेली आहेत. कोल्हा आणि कावळा यांची जी गोष्ट आपण शाळेत वाचली, तिचे एक वेगळेच रूप इथे भेटते. दुसऱ्या एका गाण्यात नारळीच्या बागेत राहणाऱ्या भुंग्यांना पाचोळ्याची आग दिसते. ते तेज काय आहे हे पाहायला राजा आधी एका पंडिताला आणि मग एका सैनिकाला पाठवतो, ते दोघे होरपळून अर्धवट वर्णन घेऊन परततात, आणि शेवटी राजा स्वतः त्या आगीत शिरून नाहीसा होतो. दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्या भजनांत नि कवितांत इतका रुळलेला आहे की हे गाणे इंग्रजीत आहे हे क्षणभर विसरायला होते.

ख्रिस्ती बाजारातून वर आलेल्या टूथ अँड नेल या कंपनीने काढलेल्या या अल्बमचा शेवट अल्लाहच्या नामोच्चाराने होतो, आणि ज्यांना धर्मांच्या सीमा स्पष्ट आखलेल्या हव्यात त्यांनी हे आधीच जाणून घेतलेले बरे. सांगीतिकदृष्ट्या तो बँडच्या आधीच्या अल्बमांहून बराच सौम्य आहे. बायबलमधील ‘गीतरत्न’ या पुस्तकातल्या ओळीवरून नाव घेतलेला २००४ चा ‘कॅच फॉर अस द फॉक्सेस’ हा त्यांचा अल्बम गायन आणि आक्रोश यांच्या सीमेवर उभा आहे. कथेसाठी ऐकणाऱ्याने २००९ चा घ्यावा. आवेगासाठी ऐकणाऱ्याने २००४ चा.

मँडोलिन, अकॉर्डियन आणि साध्या लोकसंगीताकडे ज्यांचा ओढा आहे त्यांच्यासाठी मार्क हर्ड यांचा ‘सॅटेलाइट स्काय’ (१९९२) आहे. तो त्यांनी स्वतःच्या छोट्या कंपनीतून काढला. तंत्रज्ञानाने गजबजलेल्या आभाळाखाली माणूस किती एकटा पडला आहे, हे सांगताना त्यांचा आवाज चिरतो, पण स्वतःची कीव करत नाही. जुलै १९९२ मध्ये इलिनॉयमधल्या कॉर्नरस्टोन महोत्सवात गाताना त्यांना रंगमंचावरच हृदयविकाराचा झटका आला आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या ४० व्या वर्षी, ते गेले. ही माहिती ऐकण्याआधी मनात असू नये असे मला वाटते, कारण मग प्रत्येक ओळ मृत्युपत्रासारखी ऐकू येऊ लागते आणि या गाण्यांतला खट्याळपणा निसटतो. पण आता ती तुम्हाला सांगून बसलो आहे.

‘पेड्रो द लायन’चा ‘कंट्रोल’ (२००२) या यादीत थोड्या सावधपणे ठेवतो. एका नोकरदार गृहस्थाचा व्यभिचार, त्याचा पोकळ संसार आणि अखेर घरात घडणारा खून, अशी एकसंध कथा बँडचे गायक डेव्हिड बाझान यांनी जड, संथ गिटारवर सांगितली आहे. पाप म्हणजे काय हे इतक्या निर्विकारपणे दाखवणारा अल्बम चर्चच्या कुशीत वाढलेल्या माणसालाच सुचू शकतो, परंतु त्यात क्षमेला जागा नाही आणि भाषा अनेक ठिकाणी घरच्यांसमोर ऐकण्याजोगी नाही. बाझान यांनी पुढे २००९ मध्ये स्वतःच्या नावाने काढलेल्या अल्बममध्ये श्रद्धेपासून दूर जाण्याचा हिशेब मांडला. ज्यांना हा सगळा प्रवास समजून घ्यायचा आहे त्यांनी ‘डिग’नंतर ‘कंट्रोल’ ऐकावा, आधी नव्हे.

एवढे करूनही निर्णय होत नसेल आणि संध्याकाळी फक्त काहीतरी चांगले ऐकायचे असेल, तर ‘स्टारफ्लायर फिफ्टी नाइन’चा ‘लीव्ह हिअर अ स्ट्रेंजर’ (२००१) लावावा. बँडचे गायक जेसन मार्टिन श्रद्धेविषयी जवळजवळ काहीच बोलत नाहीत, गाणी छोटी आणि उदास-गोड आहेत, आणि निर्माते डॅनिअल एमॉसचेच टेरी टेलर आहेत. त्यांनी हा सगळा अल्बम जुन्या पद्धतीने मोनोमध्ये मुद्रित केला. त्यामुळे दोन कानांत वेगवेगळे काही वाजत नाही, आणि घरात एकच जुना स्पीकर असेल तरी त्यातले काही कमी ऐकू येत नाही.